क्षयरोगाविरुद्धची चळवळ मराठवाड्यात कुणी चालवली?

गोदातीर

येत्या २४ मार्चला शाळेत क्षयरोगावर मोठा फलक लावायचाय. आठवी-नववीची पोरं आहेत, गाव परभणी जिल्ह्यातलं. माहिती काढायला बसलो तर सगळीकडं एकच साखळी सापडायली. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम, पुढं डॉट्स (दुसऱ्या माणसाच्या समोर गोळी घ्यायची पद्धत). शास्त्रज्ञ आहेत, सरकार आहे, गावातलं माणूस कुठंच नाही.

माझं मत असं की औषध जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते रुग्णाच्या पोटात सहा महिने जाईल हे बघणारं माणूस महत्त्वाचं. आणि ते माणूस बहुतेक वेळा बिनपगारी. १९३९ मध्ये ट्युबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी लिनलिथगो यांनी लोकांना निधीसाठी केलेल्या आवाहनातून ती उभी राहिली, इथपर्यंत कळलं. पण तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. १९४८ ला सुटलो तरी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. मग आपल्या पाच जिल्ह्यांत (तेव्हा पाचच होते) हे काम कुणी केलं? घरात, गल्लीत, शाळेत कुणी काही पाहिलं असेल तर लिहा. मोठ्या नावांची गरज नाही.

दुधनाकाठ

टीबीची तिकिटं! जालन्याला आमच्या शाळेत दरवर्षी गांधी जयंतीच्या सुमारास यायची. पोस्टाच्या तिकिटासारखीच, कडेला भोकं पाडलेली, कोपऱ्यात लाल रंगाचा दोन आडव्या दांड्यांचा क्रूस. ही मोहीम आपल्या देशात १९५० पासून चालू आहे, २ ऑक्टोबरला सुरू होते. गुरुजी प्रत्येकाला थोडी थोडी द्यायचे, घरोघर खपवायची आणि चिल्लर आणून जमा करायची.

माझ्या चुलतभावानं एकदा मामाला पत्र लिहिलं आणि पोस्टाच्या तिकिटाऐवजी हेच चिकटवलं. पोस्टमननं मामाकडून दुप्पट पैसे घेतले. मामा पुढच्या दिवाळीला आला तो हातात ते पाकीट घेऊनच.

सविता_नांदेड

आमच्या वर्गात एका पोरीनं तिकीट टिकलीसारखं कपाळाला लावलं होतं. बाईंनी रागवायच्या आधी सगळा वर्ग हसून लोळला :)

बालाघाट

आठवणी गोड आहेत, पण याला चळवळ म्हणायला माझा विरोध आहे. तिकिटं वरून यायची, शाळेला आकडा ठरवून दिलेला असायचा. खपली नाहीत तर गुरुजी स्वतःच्या खिशातून भरायचे. पोरांना टीबी म्हणजे काय हे कुणी सांगत नव्हतं. आमच्याच वर्गातल्या एकाचे वडील खोकून खोकून गेले, आणि त्याच आठवड्यात आम्ही तिकिटं विकत होतो. त्या घरी कुणी गेलं नाही. ज्याला शेजारचा रुग्ण दिसत नाही त्या मोहिमेचं मी काय कौतुक करू?

दुधनाकाठ

बालाघाट, तुमचं दुखणं खरंय. गुरुजींना आकडा असायचा हेही खरं. तरी कल्पनेचं मूळ सांगतो, कारण ते सरकारी नव्हतं. १९०४ साली डेन्मार्कमधल्या आयनार होलबोल नावाच्या पोस्टातल्या कारकुनानं नाताळातले पत्रांचे ढिगारे बघून विचार केला, की प्रत्येक पत्रावर एक स्वस्त जादा तिकीट लागलं तर त्या पैशातून आजारी पोरांसाठी काही करता येईल. पहिल्याच वर्षी ४० लाखांवर तिकिटं खपली. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी एका छोट्या आरोग्यधामासाठी तेच केलं. श्रीमंताच्या एका देणगीपेक्षा लाखो लोकांचा एकेक पैसा, हा विचार मोठाच होता. आपल्याकडं येईस्तोवर त्याचं परिपत्रक झालं, त्याला त्या कारकुनाचा दोष नाही.

छातीचा_डॉक्टर

मी मराठवाड्यातच शिकलो आणि इथंच छातीच्या रोगांचा डॉक्टर म्हणून काम करतो. गोदातीर सरांच्या प्रश्नाला थोडं मागून उत्तर देतो.

औषधं नव्हती तेव्हा इलाज म्हणजे हवा, विश्रांती, दूध-अंडी, फार तर फुफ्फुस दाबून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया. त्यासाठी आरोग्यधामं. निजामाच्या राज्यात विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरावर एक होतं, इकडं मिरजेला वानलेसवाडीचं. नांदेडहून अनंतगिरी काय किंवा बीडहून मिरज काय, जाणार कोण? ज्याची जमीन विकून पैसा उभा राहतो तो. बाकीचे घरीच मरायचे. त्यामुळं १९५० पर्यंत आपल्या भागात चळवळ सोडा, इलाजच पोचला नव्हता, असं माझं वाचन सांगतं.

चित्र पालटलं ते दोन-तीन अभ्यासांनी. १९५५ ते ५८ मध्ये देशभर नमुना पाहणी झाली. टीबी हा शहरातला, गिरणीतला रोग असा समज होता, तो पडला. खेड्यात प्रमाण जवळपास तेवढंच निघालं. दुसरा अभ्यास मद्रासचा, १९५६ मध्ये सुरू झालेला. गरीब वस्तीतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले, एक आरोग्यधामात खाटेवर आणि दुसरा स्वतःच्या खोलीत, अर्धपोटी, गर्दीत. औषधं दोघांनाही तीच. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेले जवळजवळ तेवढेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नव्हती. लागण होते ती बहुतेक औषध सुरू व्हायच्या आधी.

या निकालानं जगभर आरोग्यधामं ओस पडली. पण सर, तुमच्या प्रश्नाचं मर्म इथंच आहे. खाटेवरच्या रुग्णाला गोळी द्यायला परिचारिका असते. रुग्ण घरी राहणार म्हटल्यावर तिची जागा कोण घेणार? ती जागा गावानं घ्यायची होती. पुढची ३० वर्षं ती रिकामी राहिली. १९९२ मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण औषध पूर्ण करत होते.

आणखी एक. लोक अडाणी आहेत, दवाखान्यात येत नाहीत, हे आम्ही डॉक्टर कायम म्हणतो. १९६३ मध्ये देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातला अभ्यास छापला. टीबीच्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त लोक आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवलं होतं. थुंकी कुणी तपासली नाही. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो.

रानवारा

डॉक्टर, ती खोकल्याची बाटली अजून चालू आहे. माझ्या बहिणीला दोन महिने तीच दिली, मग एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासून टीबी नाही म्हणून सांगितलं. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकीत सापडला.

छातीचा_डॉक्टर

रानवारा, टीबी ओळखायला विकल्या जाणाऱ्या त्या रक्तचाचण्यांवर २०१२ मध्येच बंदी आलीय. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायची, सरकारीत फुकट होते. बहीण आता कशी आहे?

रानवारा

बरी आहे. कोर्स पूर्ण झाला. वजनही भरलं.

शिंप्याची_लेक

डॉक्टरांनी विचारलं ती जागा कोण घेणार. आमच्या गावात माझ्या दादांनी घेतली होती, म्हणून लिहायलेय.

दादा (माझे वडील) कंधार तालुक्यात शिलाईचं दुकान चालवायचे. डॉट्स आलं तेव्हा नियम असा होता की गोळी देणारा घरचा नको, पण रुग्णाला जवळचा आणि चालणारा हवा. शिक्षक, दुकानदार, अंगणवाडीताई, कुणीही. आरोग्य केंद्रातल्या माणसानं दादांना विचारलं कारण दुकान एसटी थांब्यासमोर होतं आणि सकाळी सातला उघडायचं.

प्रत्येक रुग्णाच्या नावाचा पुठ्ठ्याचा डबा असायचा. नव्या रुग्णाचा लाल, आधी औषध सोडून परत आजारी पडलेल्याचा निळा. दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर हे डबे ओळीनं मांडलेले. एका माणसाची सगळी औषधं त्याच्याच डब्यात, त्यामुळं तुटवडा झाला म्हणून कुणाचं औषध मधेच थांबायचं नाही. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. दादा पाकीट फोडायचे, गोळ्या तळहातावर द्यायचे, तांब्या पुढं करायचे. गिळून झालं की कार्डावर खूण. त्यातली एक गोळी घेतली की लघवी लाल व्हायची. पहिल्या दिवशीच ते प्रत्येकाला कानात सांगून ठेवायचे, नाहीतर माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी यायचाच नाही.

बायका पुढच्या दारानं येत नव्हत्या. झंपरचं माप द्यायला आल्यासारखं करून यायच्या. दादांनी एकीचं माप इतक्यांदा घेतलं की शेवटी आईनं तिला खरंच एक झंपर शिवून दिलं. कुणी आलं नाही तर दुपारी मशीन बंद करून सायकल काढायचे. आई चिडायची, लग्नसराईत गिऱ्हाईक परत जायचं. एका रुग्णामागं पूर्ण कोर्स झाला की थोडे पैसे मिळायचे, तेही कधी वेळेवर, कधी नाही. गावात काही लोकांनी कपडे टाकणं बंद केलं होतं, या दुकानात टीबीवाले बसतात म्हणून. त्याचं दादांना फार लागलं. पण डबे त्यांनी फळीवरून काढले नाहीत.

सविता_नांदेड

काय लिहिलंस ग. गोदातीर सर, हे फलकावर घ्याच.

मुक्काम_केज

ताई, तुमच्या दादांना माझा नमस्कार. पण दुसरी बाजू मी सांगतो, कारण मी ती गोळी खाणारा आहे.

मला समोर बसवून गोळी गिळायला लावायचे तेव्हा अपमान वाटायचा. मी काय चोर आहे का? माझा गोळी देणारा तीन किलोमीटरवर. आठवड्यातले तीन दिवस अर्धा रोज बुडायचा. तिथं चार माणसं बसलेली असायची, त्यांच्यादेखत घ्यायची. गावभर झालं. भावाची सोयरीक मोडली.

आणि दसरा झाला की आम्ही ऊसतोडीला साखर कारखान्यावर. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, अर्धी गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. आजारी आहे म्हणून घरी राहतो म्हटलं तर उचल कोण फेडणार? लाल डबा गावात राहिला आणि मी सांगली जिल्ह्यात. कोपीत (पाचटाच्या झोपडीत) असताना ताप पुन्हा सुरू झाला. पहाटे चारला मोळ्या भरायच्या, खोकल्यानं वाकून जायचो. परत आलो तेव्हा मला निळा डबा मिळाला. त्यात सुया होत्या. दोन महिने एक दिवसाआड सुई.

हे मी कुणावर राग म्हणून सांगत नाही. स्वयंसेवक गावात होता, मीच गावात नव्हतो. बीडच्या माणसासाठी योजना करायची तर तो वर्षातले पाच-सहा महिने कुठं असतो हे आधी धरलं पाहिजे.

शिंप्याची_लेक

भाऊ, तुमचं पटलं. आमच्याकडंही एक जोडपं हंगामाला गेलं होतं. दादांनी डबा त्यांच्या पिशवीत घालून दिला, नियमात बसत नव्हतं तरी. चार माणसांदेखत गोळी खायला लागणं वाईटच. माझे वडील माणूस आला की शिलाईचा पडदा ओढायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि प्रत्येक ठिकाणी तसं नसणार हेही कळतं.

छातीचा_डॉक्टर

मुक्काम_केज यांचं म्हणणं शास्त्रानंही मान्य केलंय. २०१७ पासून एक दिवसाआडची पद्धत गेली, आता वजनाप्रमाणे रोजची गोळी, चारही औषधं एकाच गोळीत. घरचं माणूसही देखरेख करू शकतं. त्या सुया आता नेहमीच्या उपचारात नाहीत. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीला पूर्वी दोन वर्षं लागायची, आता योग्य रुग्णांसाठी सहा महिन्यांचा तोंडी उपचार २०२४ मध्ये मंजूर झालाय.

बालाघाट

माझ्या वरच्या विरोधात भर घालतो, पण सूर वेगळा आहे. चळवळ बघायची तर सरकारी कार्यक्रमाच्या कडेला बघा. आमच्या हद्दीला लागून जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, टीबी, सगळं त्या बघायच्या. खोकणारा कोण हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं, कारण पाणी भरायला जाताना ते घर वाटेतच. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं तेच सूत्र धरून बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं.

या बायकांनी तिकिटं विकली नाहीत. त्या शेजारी जाऊन बसल्या. मी ज्याला चळवळ म्हणतो ती ही.

आशा_कळंब

मी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. वाचत होते, आता राहवलं नाही.

सगळे सेवेचं बोलायलेत, चांगलं वाटतं. पण सेवा करणाऱ्याच्या घरी चूल असते हे कुणी लिहिलं नाही. माझ्याकडं आज टीबीचे रुग्ण आहेत, गरोदर बायका आहेत, लसीकरण आहे, वर नवीन सर्वेक्षण कायम. टीबीच्या रुग्णाचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला तर १००० रुपये मिळतात. सहा महिन्यांचे. तेही हातात पडायला किती लागतं ते विचारू नका. आम्ही संपावर जातो तेव्हा लोक म्हणतात, समाजसेवा आहे ना, पैसे कशाला? शिंपीदादांनी गिऱ्हाईक सोडून सायकल काढली, त्यांचे पाय धरावेत. पण त्यांची मशीन तरी होती. आमच्यातल्या कित्येकजणींना हेच काम आहे.

तरी सोडवत नाही. माझी एक रुग्ण, विशीतली पोर, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली. तिची कपबशी वेगळी, ताट वेगळं, पोर सुद्धा तिच्याजवळ देत नव्हते. मी रोज तिच्या घरी तिच्याच कपातून चहा प्यायले. आईला डोळ्यांनी दिसू दे म्हणून. महिनाभरात कप वेगळा ठेवणं बंद झालं. याचा रकाना कुठल्या फॉर्मवर नाही.

दुधनाकाठ

ताई, तुमचं बोलणं मनाला लागलं. १९५० ला तिकिटं खपवणाऱ्या गुरुजींना निदान पगार होता.

कृष्णामाती

निक्षय मित्राबद्दल कुणी बोललं नाही. २०२२ पासून कुणीही रुग्ण दत्तक घेऊन महिन्याला आहाराची पेटी देऊ शकतो. आमच्या लातूरच्या मित्रमंडळानं काही रुग्ण घेतलेत. शेंगदाणे, डाळ, गूळ, तेल. काही लोक याला दिखावा म्हणतात.

छातीचा_डॉक्टर

दिखावा नाही, नीट केलं तर औषधाइतकं मोलाचं आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं मोठा अभ्यास केला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरातल्यांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवे टीबी रुग्ण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी निघाले. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही बरंच कमी होतं. म्हणून माझी मित्रमंडळाला विनंती: पेटी एकट्या रुग्णापुरती देऊ नका, घराला पुरेल एवढी द्या. आपल्याकडची आई स्वतःच्या पेटीतले शेंगदाणे पोरांना देते, हे मी रोज बघतो.

मुक्काम_केज

आणि पेटी देताना घरासमोर गाडी उभी करून फोटो काढू नका. सोयरीक मोडते.

कृष्णामाती

हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही फोटो काढत होतो. आजच मंडळात बोलतो, सामान आशाताईंकडं पोचवू.

वाचनवेडा

थोडं विषयांतर. तिकिटावरचा तो दोन दांड्यांचा क्रूस डॉ. आंबेडकरांच्या काळातल्या कुठल्या संघटनेचा आहे का? कुणीतरी तसं सांगितलं.

दुधनाकाठ

नाही हो. १९०२ मध्ये बर्लिनच्या परिषदेत तो क्षयाविरुद्धच्या लढ्याची खूण म्हणून घेतला, तेव्हापासून जगभर तोच.

गोदातीर

सगळ्यांचे आभार. फलकाचा आराखडा बदललाय. कॉखचा फोटो राहील, पण कोपऱ्यात. मध्ये लाल आणि निळा डबा, पोरं पुठ्ठ्याचे करायलीत. एका बाजूला शिलाई दुकान, दुसऱ्या बाजूला कोपी. शिंप्याची_लेक, दादांचं नाव न घालता मजकूर वापरू का?

बालाघाट, तुमचा मुद्दा पटला: शेजारचा रुग्ण दिसत नसेल तर तिकिटाला अर्थ नाही. मात्र तिकिटं पूर्ण काढत नाही. वर्गात विचारलं तर एका पोराच्या आजोबांनी गुरुजी असताना ती खपवलेली, आणि ते त्या पैशाच्या पावत्या अजून सांभाळून आहेत. त्यांना शाळेत बोलावलंय.

एक अडचण आहे. आमच्याही वर्गातली काही पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर जातात. त्यांच्या घरी कुणी औषधावर असेल तर नेमकं काय सांगायचं?

शिंप्याची_लेक

वापरा सर. दादांना वाचून दाखवलं. पडदा हिरवा होता एवढं घाला म्हणाले.

आशा_कळंब

सर, पोरांना हे पाठ करून द्या. गाव सोडायच्या आठ दिवस आधी आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात सांगायचं, कुठला कारखाना, कुठला तालुका. प्रत्येक रुग्णाला निक्षयचा (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्यायचा. त्या नंबरावर नाव तिकडच्या केंद्राला बदली करता येतं, मग गोळ्या तिथं मिळतात. जाताना हातात निदान महिन्याच्या गोळ्या मागून घ्यायच्या. खात्यात पोषणाचे पैसे येतात, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, ते गाव सोडल्यानं बंद होत नाहीत.

मुक्काम_केज

त्यात एवढं वाढवा: मुकादमाचा फोन नंबरही केंद्रात द्यायचा. आमचे फोन हंगामात बंद असतात, त्याचा नसतो. आणि गोळ्यांची पट्टी कोपीच्या पाचटात खोचू नका, पहिल्या अवकाळीत भिजते. डब्यात ठेवा.